शपथेवरची जेवणं

सुदानहून परत आल्यापासून टेंभुर्णीतले लोक मला दोनच गोष्टी विचारतात. पहिली, सिंह पाहिला का. दुसरी, तिकडं खायला काय मिळत होतं. सिंह मी पाहिला नाही. दोन वर्षांत मला खरी भीती वाटली ती जेवणाच्या आमंत्रणाची. ज्यांना तिकडं जायचा योग येईल, त्यांनी तिथं कोणी "जेवायला बसा" म्हटल्यावर काय बोलू नये, एवढं तरी ह्यातून उचलावं.

मी सातवीत शाळा सोडली आणि जालन्याच्या एका जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली लागलो. रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचे चामड्याचे रोलर बराबर बसवणं, हे माझं काम. बहात्तरचा दुष्काळ पडला. कापूसच आला नाही, जिनिंगला कुलूप लागलं. तेवढ्यात मुंबईहून खबर आली की सुदान देशात नाईल नदीच्या काठी नुसता कापूसच कापूस आहे आणि रोलर बसवणारी माणसं पाहिजेत. फॉर्मवर शिक्षण विचारलं होतं. मी लिहिलं, 'रोलर'. घेतलं मला.

बोटीचे दिवस सांगत नाही. समुद्र पाण्याचा असतो आणि पहिल्या दिवशी पाहिला की सगळा पाहून होतो. आगगाडीचंही तसंच, फक्त पाण्याच्या जागी वाळू.

मदनीजवळ, पहिला शुक्रवार

आमची जिनिंग मदनी शहरापासून दोन कोसांवर होती. एवढ्या लांब आलो आणि बघतो तर काय, दारात कडुनिंब, निंबाखाली सुंभाची बाज, शेतात जोंधळा, वर आग ओकणारं ऊन. टेंभुर्णीच. फरक एवढाच की त्यांच्या नदीला उन्हाळ्यातही पाणी होतं.

जिनिंगचा मुकादम उस्मान. सहा फूट उंच, अंगात पांढरा पायघोळ अंगरखा, डोक्याला दहा हात फेटा, आणि आवाज असा की चालू यंत्राच्या पलीकडून ऐकू यावा. सुट्टी शुक्रवारी. पहिल्याच शुक्रवारी त्यानं मला घरी नेलं. सोबत मगनभाई होते. मगनभाईंचं मदनीत कापडाचं दुकान, आजोबांच्या वेळेपासून. त्यांना अरबी येत होती आणि मला त्यांची हिंदी येत होती, म्हणून माझं सगळं बोलणं सुरुवातीला त्यांच्या तोंडून जायचं.

बाहेर भलं मोठं गोल ताट आलं. आता आमच्या आईची एक शिकवण होती: "पहिल्या हाकंला पानावर बसू न्हाई. उपाशी हाये म्हनतेत." तीनदा नको म्हणायचं, चौथ्यांदा नाइलाजानं बसल्यासारखं करायचं. आमच्या घराला हा नियम जास्तच कडक होता. छप्पन सालानंतर आम्ही बुद्ध झालो होतो, पण जालन्याच्या हॉटेलातल्या फळीला ते कुणी कळवलं नव्हतं, त्यामुळं माझी कपबशी तिथं अजून वेगळीच राहायची. अशा माणसानं तर मुळीच हावरं दिसू नये.

उस्मान म्हणाला, "बस, जेव."

मी म्हणालो, "नको, आत्ताच झालं."

"बस."

"नको, खरंच पोट भरलंय."

तिसऱ्यांदा नको म्हणालो आणि उस्माननं छातीवर हात मारून एक वाक्य असं गरजून सांगितलं की निंबावरचे कावळे उठले. त्या वाक्यात मला एकच शब्द कळला, पण तो पक्का कळला. तलाक. निजामाच्या राज्यात जन्मलेल्या माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही.

मला वाटलं, स्वयंपाकाला उशीर झाला म्हणून हा बायकोवर चिडला. मी मगनभाईंच्या कानाला लागलो. "त्यांना म्हणा, बाईची काही चूक नाही. मीच लवकर आलो."

मगनभाई हसू दाबत म्हणाले, "अरे किसनभाई, वो बोलता है, तुम नहीं खाओगे तो बीवी को तलाक."

"कोनाच्या बीवीला?"

"उसकी अपनी. तुमको तो अभी पूछा भी नहीं."

मी आयुष्यात एवढ्या जल्दी ताटावर कधी बसलो नाही. एका ताटात सात हात होते. माझा आठवा. कुणी फळीकडं बघितलं नाही, कारण फळीच नव्हती. ताटात जोंधळ्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे, त्याला ते किसरा म्हणतात, आणि त्यावर वाळवलेल्या भेंडीच्या भुकटीचं बुळबुळीत कालवण. पहिल्या घासाला मी घाबरलो, दुसऱ्याला गप्प झालो, तिसऱ्याला आईची शिकवण विसरलो. उस्मान स्वतःच्या बोटांनी मटणाचा मऊ तुकडा काढून माझ्या बाजूला सारत होता. डोळ्यांत पाणी आलं. मगनभाईंना सांगितलं, मिरची लागली.

पुढचे शुक्रवार

आपल्याकडंही आग्रह असतो. "माझ्या गळ्याची शपथ," म्हणतात आणि एक पुरणपोळी जास्त वाढतात. पण गळा स्वतःचा असतो, आणि पोळी नाही खाल्ली तरी गळा जागेवर राहतो. सुदानी माणूस एकदम संसारच डावावर लावतो, तेही शेंगदाण्याच्या चटणीसाठी. सगळेच तसे नाहीत. शिकलेली माणसं हसायची. मौलवीसाहेब तर असल्या शपथांवर चिडायचे. पण आमच्या जिनिंगवर मीठ मागितल्यासारखी तलाकची शपथ निघायची.

मी मगनभाईंना विचारलं, "खरंच कधी झालाय का?"

"ऐसे तो दिन में दस बार बोलते हैं," मगनभाई म्हणाले. "मगर पिछले साल एक मेहमान बस छूट जाएगी करके उठ गया. उस आदमी की बीवी आठ दिन मायके में बैठी. मौलवीसाब ने दस गरीबों को खाना खिलवाया, तब आई."

एवढं ऐकल्यावर मी कुणालाही नको म्हणणं बंद केलं. सकाळी न्याहारी एकाकडं, दुपारी दुसऱ्याकडं, संध्याकाळी पुदिन्याचा चहा तिसऱ्याकडं. माझ्या हिशेबानं पहिल्या सहा महिन्यांत मी अर्ध्या वस्तीचे संसार सावरले. पँटीची बटणं तेवढी गेली.

उस्मानच्या शेजारी हाज तय्यबचं घर. तो कांद्या-धान्याचा व्यापारी, ठेंगणा, गोल, आणि त्याच्याकडं एक लॉरी. शुक्रवारी कधीकधी तो लॉरीत बाजा टाकून आम्हाला नदीवर न्यायचा. आम्ही काठावरच्या झाडांखाली पडून राहायचो, मासे तळायचो, आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत प्यायचो. ते लोक भेटले की आधी एकमेकांची विचारपूस करतात. तू कसा, घर कसं, पोरं कशी, बाप कसा, शेळ्या कशा, पुन्हा तू कसा. दहा मिनिटं सहज. आपल्याकडं "काय चाललंय?" "चाललंय," एवढ्यात काम होतं. पहिल्यांदा तय्यबनं मला शेळ्या कशा विचारलं तेव्हा मी म्हणालो, मला शेळ्या नाहीत. तो इतका दुःखी झाला की पुढच्या वेळेपासून मी बऱ्या आहेत म्हणून सांगू लागलो.

तारीफ करायचीही सोय नव्हती. त्याचं कलिंगड गोड आहे म्हणालो, तर चार कलिंगडं माझ्या खोलीवर. लॉरी छान आहे हे वाक्य मी दोन वर्षं तोंडात दाबून ठेवलं.

मदनीत आपल्या देशाचीही पाच-सहा कुटुंबं होती. त्यातले एक पुण्याकडचे इंजिनिअर साहेब बाजारात भेटले. मराठी ऐकून मला रडूच आलं. म्हणाले, "या ना एकदा घरी!"

सुदानात राहून माझ्या सवयी बिघडल्या होत्या. मी विचारलं, "कधी येऊ?"

त्यांनी पायाखाली विंचू निघाल्यासारखं माझ्याकडं पाहिलं. "या... असंच... कधीतरी." मग आडनाव विचारलं. सांगितलं. म्हणाले, "अच्छा, अच्छा." दोन वर्षांत त्यांच्या दाराचा रंग कोणता ते मला कळलं नाही. त्यांचे आभार मानायला पाहिजेत. वस्तीत एवढं एकच घर होतं, ज्याच्या संसाराची काळजी मला नव्हती.

शेवटचा आठवडा

माझं परतीचं ठरलं. शनिवारी निघायचं होतं. सोमवारी जिनिंगच्या फाटकात उस्माननं मला गाठलं. एव्हाना मला मोडकीतोडकी अरबी येत होती. तिकडचं बोलणं मला आपल्याच बोलीत आठवतं, म्हणून तसंच लिहितो.

"ह्या जुम्म्याचं दुपारचं जेवण तू माझ्यासोबत करशील," उस्मान म्हणाला. "न्हाई केलं तर बायकोला तलाक!"

मी हो म्हणालो. वळतो तर कांद्याची पोती उतरवायला हाज तय्यब उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो छाती ठोकून म्हणाला, "ह्या जुम्म्याचं दुपारचं जेवण तू माझ्यासोबत करशील. न्हाई केलं तर बायकोला तलाक!" आणि मी बोलायच्या आत लॉरी घेऊन गेला.

आता ह्यातली मेख. उस्मान आणि तय्यब अकरा महिने एकमेकांशी बोलत नव्हते. दोन घरांमधली भिंत तय्यबनं हातभर उंच केली, तेवढ्यावरून. आणि त्यांचं होतं साटंलोटं. उस्मानची बायको नफीसा ही तय्यबची बहीण, तय्यबची बायको ही उस्मानची बहीण. म्हणजे शपथ मोडली तर एकाची बायको दुसऱ्याच्या घरी जाऊन बसणार, आणि कोणाची जाणार ते माझ्या पोटावर ठरणार.

मगनभाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. "किसनभाई, तुम तो गए."

"आजारी पडलो तर?"

"तो दोनों का तलाक."

संध्याकाळी मी उस्मान घरी नाही असं बघून नफीसाबाईंच्या दारात गेलो. त्यांनी पांघरलेलं लुगडं डोक्यावरून सारखं केलं, मला बाहेर बाजेवर बसवलं आणि स्वतः उंबऱ्याच्या आत बसल्या. मी अडखळत सगळं सांगितलं. त्या हसायलाच लागल्या.

"आम्हाला दुपारीच कळलं. भावजयीनं भिंतीवरून सांगितलं. ती भिंत बाप्यांसाठी उंच झाली, आम्ही दोन्हीकडून दगड ठेवलेत उभं राह्यला. आमचं ठरून गेलंय. मी तिकडं गेले तर शेळी माझ्यासोबत, ती इकडं आली तर तिचं शिवणयंत्र सोबत."

मलाही हसू आलं. पण त्यांचं थांबलं होतं.

"एकोणीस वर्षं झाली," नफीसाबाई म्हणाल्या. "पाव्हणा आला की तो शब्द निघतो. चहासाठी निघतो, भातासाठी निघतो. त्याच्या मनात काही नसतं, माहीत आहे मला. पण दर वेळी माझा हात पातेल्यावर थांबतो. पाव्हणा बसला का, एवढं ऐकते, मंग पुढचं ढवळते."

मी खाली मान घालून परत आलो. ह्या बाईसाठी काहीतरी केलंच पाहिजे असं पक्कं ठरवलं. आणि केलं ते हे.

गुरुवारी पगाराच्या रांगेत उस्मान होता, पोत्यांच्या पैशासाठी तय्यबही आला होता. दोघांच्या शपथेत जेवण 'माझ्यासोबत' होतं, 'माझ्या घरी' असं कुणीच म्हटलं नव्हतं. तीन रात्री जागून मला एवढं सापडलं होतं. मी मधोमध उभा राहिलो, उस्मानसारखा छातीवर हात मारला आणि जेवढी अरबी येत होती तेवढी एका दमात ओरडलो, "जुम्म्याला तुम्ही दोघं माझ्या खोलीवर, माझ्या हातचं, माझ्यासोबत जेवाल. न्हाई आले तर माझ्या बायकोला तलाक!"

रांग थांबली. 

उस्माननं हळूच विचारलं, "तुला बायको हाय?"

"हाय. टेंभुर्णीला."

"पोरं?"

"दोन पोरी."

"अरे खुळ्या!" उस्मान म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. तय्यबनं फेटा काढून घाम पुसला. मग रांगेत मोठी चर्चा सुरू झाली. हिंदुस्थानातल्या बुद्ध माणसाच्या तोंडचा तलाक लागू पडतो का? कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या शपथेतून बाहेर पडायच्या वाटा त्यांना ठाऊक होत्या. आमच्यात तशी वाट आहे की नाही, काय सांगावं? एक म्हातारा म्हणाला, "परक्याची शपथ हाय, तिच्याशी खेळू नका."

शेवटचा शुक्रवार

मगनभाईंनी बेसन दिलं. जोंधळ्याचं पीठ बाजारात होतंच. भाकरी मी रोज खात आलो होतो, त्यामुळं ती करताही येत असेल असा माझा समज होता. पहिली थापताना फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरी जमली, म्हणजे गोल झाली. जाडीला जात्याची तळी. पिठल्यात गाठी होत्या, त्या मी उलथण्यानं काठाला लपवल्या. ठेचा मात्र झकास झाला, कारण ठेच्याला फक्त राग लागतो.

नमाज झाली. दोघं आले. दोन बाजा होत्या, दोघं दोन बाजांवर पाठमोरे बसले. मी ताट मधे ठेवलं. कुणी हात घालेना. उस्मान निंबाकडं बघत होता, तय्यब आपल्या लॉरीकडं.

मी म्हणालो, "बसा, जेवा."

तेव्हा दोघं एकदमच वळले. उस्माननं भाकरीचा तुकडा मोडायला घेतला, मोडेना. दोन्ही हात लावले. तय्यबला एवढी मदत करवत नव्हती, पण दुसरी कड त्यानंच धरली. भाकरी मोडली. दोघं चावू लागले. चावतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो. माझी घसा कोरडा पाडणारी, मधे कच्ची, काठाला करपलेली भाकरी ते दोघं परीक्षेला बसल्यासारखे खात होते. मी म्हणालो, राहू द्या, एवढं पुरे. उस्मान म्हणाला, "गप बस. शपथ अर्धी न्हाई पाळत."

तय्यबनं चिंचेची चटणी समजून बोटभर ठेचा तोंडात घातला. तो आधी लाल झाला, मग जांभळा, मग त्याचे डोळे बाहेर आले. उस्माननं तांब्या उचलला आणि त्याच्या तोंडाला लावला.

"पी," उस्मान म्हणाला.

अकरा महिन्यांतला तो पहिला शब्द. तय्यब पाणी प्याला, त्यानं श्वास घेतला, आणि शिष्टाचार आहे म्हणून विचारलं, "तू कसा आहेस?"

"बरा. तू?"

"बरा. घर कसं?"

"बरं. तुझं घर?"

अकरा महिन्यांची विचारपूस तुंबलेली होती. पोरं, शेळ्या, गुडघे, लॉरीचा गिअर. एकमेकांच्या बायका कशा हेही विचारून झालं, आणि दोघंही विचारत होते ते आपल्याच बहिणीबद्दल. दुपार कलली तेव्हा ते भिंतीच्या विषयावर आले, आणि तिथं मात्र पुन्हा भांडले. पण आता तोंडानं भांडत होते. ताट पुसून स्वच्छ होतं.

शनिवारी बसपाशी सगळी वस्ती आली. तय्यबनं बसमध्ये कांद्याचं पोतं चढवलं. मी नको म्हणणार होतो, पण त्याचा हात छातीकडं निघालेला दिसला.

टेंभुर्णी

आल्यावर ही हकिकत मी पारावर सांगितली. लोक पोट धरून हसले. मीही हसलो. पुन्हा घरी ओसरीवर सांगितली, शेजारी हसले. शांता, माझी बायको, आत चुलीपाशी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मधेच थांबला. सगळे गेल्यावर मी आत गेलो.

"मला इचारलं व्हतं का?" ती म्हणाली.

"अगं, तिथून कसं विचारणार? कागद यायला महिना लागतो."

"अन् त्ये आले नसते तर?"

"आपल्यात तसं कायद्यानं होत न्हाई..."

"मी कायदा इचारून नाही राह्यले."

नफीसाबाईंच्या दारात बसून मी मान खाली घातली होती, आणि तीनच दिवसांनी तोच शब्द भर रांगेत ओरडलो होतो. इथं चुलीपाशी एक हात पिठावर थांबलेला बघेपर्यंत माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. मी तसं सांगितलं. चुकलं म्हणालो.

शांतानं थापलेली भाकर तव्यावर टाकली. मग विचारलं, "भाकर कशी झाल्ती?"

"जाड. मधी कच्ची. कड करपलेली."

"अन् दोघांनी बी खाल्ली?"

"चतकोरसुद्धा ठेवली न्हाई."

"म्हंजे माझा संसार त्या दोघांनी राखला," ती म्हणाली. "तुम्ही न्हाई." तिनं तव्यावरची भाकर उलटली. ती टम्म फुगली. "त्याहीला कागद लिवा. म्हनावं, एकदा बायकांना घेऊन टेंभुर्णीला या, चांगली भाकर खाऊन जा. अन् शपथ घालू नका कोनाची. नुसतं बलवा."

चार दिवस झाले, मी कागद घेऊन बसतो. नुसतं बोलावणं लिहून होतं, पण ते एवढंसं दिसतं. उस्मानला ते खरं वाटेल का, ह्याच काळजीत आहे.